उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

गेल्या रविवारीं दिवेलागणीनंतर आम्ही नेहमींप्रमाणें ओसरीवर बसलों होतों. सातव्या इयत्तेंत शिकणारा आमचा नातू वही-पेन्सिल घेऊन आला आणि म्हणाला, "आजोबा, लंडनपासून पॅरिस किती दूर आहे?" युरोपांतील दोन राजधान्यांमधलें अंतर व विमानास लागणारा वेळ यांचें टांचण करून आणावें, असें त्यास शाळेंत सांगितलें होतें. ज्याचें अवघें आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतींत गेलें, त्यास असा प्रश्न म्हणजे पर्वणीच. आम्हीं सांगितलें, "बाळ, सरळ रेषेंत सुमारें ३४४ किलोमीटर, आणि विमानास सव्वा तास लागतो."

त्यानें तें लिहून घेतलें खरें, पण त्याच्या कपाळावरची आठी कांहीं गेली नाहीं. वडिलांच्या फोनवर त्यानें विमानांचें वेळापत्रक पाहिलें होतें. त्यांत लंडनहून सकाळीं ९ वाजतां निघालेलें विमान पॅरिसला ११ वाजून १५ मिनिटांनीं पोहोंचत होतें. आणि पॅरिसहून दुपारीं २ वाजतां सुटलेलें विमान २ वाजून १५ मिनिटांनीं लंडनला उतरत होतें! "जातांना सव्वादोन तास आणि येतांना पाव तास! वाट तर एकच ना, आजोबा?"

घरांतील मंडळी हंसली. पण मुलाची शंका हंसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. वेळापत्रकांत प्रत्येक गांवाची वेळ त्या त्या गांवच्या घड्याळाप्रमाणें छापलेली असते, आणि पॅरिसचें घड्याळ लंडनच्या घड्याळापेक्षां एक तास पुढें असतें. जातांना तो तास अंगावर येतो, परततांना तो परत मिळतो. दोन्ही प्रवासांची बेरीज अडीच तास. तिचें अर्ध सव्वा तास. हें गणित मांडून दाखवितांच त्याची आठी मावळली आणि तो जेवावयास गेला. आमचें मन मात्र त्या प्रश्नापाशींच रेंगाळलें. दोन गांवांमधलें अंतर म्हणजे नेमकें काय, आणि तें कोठून कोठपर्यंत मोजावें? ह्या प्रश्नाची किंमत आम्हीं एकदां आयुष्यांत मोजलेली आहे. म्हणून वाचकांपुढें तो विचार मांडावा असें वाटलें.

आधीं त्या सव्वा तासाचेंच पाहूं. आजचें प्रवासी विमान एकदां उंचीवर स्थिरावलें म्हणजे ताशीं आठशे किलोमीटरांहून अधिक वेगानें जातें. त्या हिशेबानें लंडन-पॅरिस हें अंतर अर्ध्या तासाच्या आंत संपावें. मग सव्वा तास कां? कारण वेळापत्रकांतील वेळ विमानाचें चाक जागेवरून हललें तेव्हांपासून तें दुसऱ्या तळावर पुन्हां स्थिर होईपर्यंतची असते. धांवपट्टीकडे हळूहळू सरकत जाणें, आपला क्रम येईपर्यंत थांबणें, मग चढणें, आणि चढून होतें न होतें तोंच उतरूं लागणें, ह्यांत बराच काळ जातो. अंतर जितकें थोडें, तितका हा वरखर्च अधिक भासतो. दोन पैशांच्या पत्रास चार पैशांचें पाकीट लागावें तसेंच हें.

आणि एवढ्यानेंहि प्रवास पुरा होत नाहीं. लंडनचा मोठा विमानतळ शहराच्या मध्यापासून वीस-बावीस किलोमीटर पश्चिमेस, तर पॅरिसचा जवळजवळ तितकाच ईशान्येस आहे. तेथवर जाणें, दोन तास आधीं हजर होणें, तपासण्या, सामान, आणि उतरल्यावर पुन्हां शहरापर्यंतची वाट हें सगळें धरलें म्हणजे सव्वा तासाचे चार-पांच तास सहज होतात. म्हणूनच समुद्राखालून गेलेल्या बोगद्यांतून १९९४ पासून आगगाडी सुरू झाली, तेव्हां पुष्कळांनीं विमान सोडून गाडी धरली. ती सव्वादोन-अडीच तास घेते, म्हणजे विमानाहून संथ आहे. पण एका शहराच्या पोटांतून निघून दुसऱ्याच्या पोटांत नेऊन सोडते. ह्याच दोन शहरांमध्यें २५ ऑगस्ट १९१९ रोजीं नियमित आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा आरंभ झाला. त्या वेळच्या लांकडी, कापडी पंखांच्या विमानास सुमारें अडीच तास लागले होते. शंभर वर्षांत विमानाचा वेग कितीतरी पटींनीं वाढला. पण माणसाचा घरून निघून घरीं पोहोंचण्याचा वेळ त्या मानानें कितीसा घटला?

आमच्या पूर्वजांस ह्या भेदाची जाण होती असें त्यांच्या शब्दांवरून दिसतें. 'कोस' हा शब्द 'क्रोश' ह्यापासून आला, आणि क्रोश म्हणजे हांक. एका माणसाची हांक जेथवर जावी तेवढें तें अंतर, अशी त्यामागील मूळ कल्पना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत 'गोरुत' असें माप येतें. त्यांत गाईचें हंबरणें आहे. 'योजन' शब्दांत जुंपणें आहे. एकदां बैल जुंपले म्हणजे न सोडतां जेवढी मजल मारावी, तें योजन. पुढें ह्या मापांस दंड-धनुष्यांचे निश्चित आंकडे मिळाले. तथापि त्यांचा जन्म माणसाच्या गळ्यांत आणि बैलाच्या खांद्यांत झाला, हें विसरतां येत नाहीं.

सरळ रेषेचें अंतर ही निराळी विद्या आहे, आणि तिची एक स्मृति आमच्या शेजारींच आहे. विल्यम लॅम्बटन ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८०२ मध्यें मद्रासजवळ सांखळीनें एक पायारेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. डोंगरावरून डोंगराकडे पाहत, त्रिकोणास त्रिकोण जोडीत तो वीस वर्षें उत्तरेकडे सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजीं वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें मोजणीच्या वाटेवरच मरण पावला. त्याची कबर तेथेंच आहे. नकाशावर पट्टी ठेवून आज आपण जें अंतर बिनधोक सांगतों, त्याच्या मुळाशीं अशा माणसांचे पाय आहेत.

त्या नकाशावर पट्टी ठेवून पाहूं. चंद्रपूर ते गडचिरोली सरळ रेषेंत सुमारें ७७ किलोमीटर, आणि मूल-सावलीवरून जाणारी सडक ऐंशीच्या आसपास. म्हणजे पांखराची वाट आणि माणसाची वाट येथें जवळजवळ एकच झाली. आतां गडचिरोलीहून दक्षिणेस भामरागडाकडे चला. पट्टी सांगते, सुमारें १०५ किलोमीटर. पण सडक चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असा वळसा घेत पावणेदोनशेच्या घरांत जाते. मधलें अरण्य, डोंगर आणि नद्या पट्टीखालीं दडून बसतात. तेव्हां एकाच जिल्ह्यांत किलोमीटर ह्या एका शब्दाचे दोन अर्थ होतात.

मोठ्या शहरांचेंहि असेंच. नागपूर ते मुंबई विमानमार्ग सरळ मोजल्यास सुमारें ६८० किलोमीटर. नागपुराहून मुंबईजवळच्या आमणें गांवापर्यंतचा समृद्धि महामार्ग, जो ५ जून २०२५ रोजीं पुरता खुला झाला, तो ७०१ किलोमीटरांचा. आणि भुसावळवरून जाणारा लोहमार्ग ८३७ किलोमीटरांचा. दोन गांवें तींच, अंतरें तीन! वेळ पाहूं जातां विमानास दीड तास, मोटारीस आठ तास, आणि गाडीस बहुधा एक रात्र.

कोणी म्हणेल, आकाशांत तर डोंगर नाहीं कीं नाला नाहीं. तेथें तरी वाट सरळ असेल. पण तेंहि पुरतें खरें नाहीं. पृथ्वी गोल असल्यामुळें दोन दूरच्या गांवांमधली सर्वांत जवळची वाट सपाट नकाशावर वांकडी दिसते. घरांत पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईवर व न्यूयॉर्कवर बोट ठेवून दोरा ताणून पाहावा. तो भिंतीवरील नकाशांतल्याप्रमाणें सरळ पश्चिमेस न जातां उत्तरेकडे झुकलेला आढळेल. मुलांस हा प्रयोग अवश्य दाखवावा. शिवाय वाऱ्याची कृपा-अवकृपा असते. हिंवाळ्यांत उत्तर हिंदुस्थानावरून फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वायुप्रवाह वाहतो. त्यामुळें दिल्लीहून कलकत्त्यास जाणारें विमान पाठीवर वारा घेऊन लौकर पोहोंचतें, आणि परतणारें त्याच वाऱ्याशीं झुंजत कांहीं मिनिटें अधिक घेतें. आणि राजकारणाचे नालेहि आकाशांत असतात. एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्तानानें आपलें आकाश हिंदी विमानांस बंद केलें, तेव्हां दिल्लीहून युरोपास जाणाऱ्या आपल्या विमानांस दक्षिणेकडून वळसा घालावा लागला. पृथ्वीवरील अंतर तसूभरहि वाढलें नव्हतें. प्रवास मात्र वाढला.

आकाशमार्गाच्या ह्या वांकड्या वाटेचा सर्वांत सुंदर दाखला नागपुराजवळच्याच रामटेकाशीं जोडलेला आहे, ही आम्हां वैदर्भीयांस अभिमानाची गोष्ट होय. मेघदूतांतील रामगिरि म्हणजे रामटेक, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनीं प्रतिपादन केलें आहे. तेथून अलकानगरीस निरोप धाडणारा यक्ष मेघास वाट सांगतांना सरळ रेषा सांगत नाहीं. उत्तरेस जावयाचें असतां वाट वांकडी करून उज्जयिनी पाहून जा, असा त्याचा आग्रह. निरोप पोहोंचण्याची घाई एवढी, तरीहि वळसा सांगितला. प्रवासाचा हिशेब पट्टीनें होत नसतो, हें कालिदासाइतकें कोणास ठाऊक असणार?

निरोपावरून नागपूरची एक जुनी गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १९४९ च्या जानेवारींत रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून चार विमानें रात्रीं निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत. तेथें टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि उजाडण्याच्या वेळेस चारी विमानें आपापल्या ठिकाणीं परत पोहोंचत. नागपूरच कां, तर तें ह्या चौघांच्या मध्यावर. सरळ रेषेनें मुंबई सुमारें ६८०, दिल्ली साडेआठशे, मद्रास नऊशे आणि कलकत्ता हजाराच्या जरा आंत. आम्ही लहानपणीं आजोळीं नागपुरास जात असूं, तेव्हां गच्चीवर निजल्या निजल्या तो घरघर आवाज ऐकूं येई. आमचे मामा म्हणत, "पाहा रे, मद्रासची पत्रें आलीं!" एका रात्रींत देशाच्या चारी कोपऱ्यांस पत्र पोहोंचविणाऱ्या त्या विमानांचें आम्हांस फार कौतुक वाटे. पुढें त्याच विदर्भांत एका तारेनें आमच्यापर्यंत येण्यास किती काळ घेतला, तें आतां सांगावयाचें आहे.

आमच्या नोकरीचीं पहिलीं वर्षें भामरागडापलीकडील एका लहान गांवीं गेलीं. गांव माडिया बांधवांचें. तेथें आम्हीं कोणास 'अमुक गांव किती दूर?' असें विचारलें, तर तो कोस किंवा किलोमीटर सांगत नसे. आकाशांत बोट दाखवून सूर्य तेथें येईल तेव्हां पोहोंचाल, असें सांगे. आणि तें बहुधा बरोबर ठरे. नव्या नव्या मास्तरकीच्या डौलांत आम्हांस त्याचें हंसूं येई. आज वाटतें कीं, तो शहाणा होता. विमानाचें वेळापत्रक तरी दुसरें काय सांगतें?

सन १९८५ चा श्रावण. चंद्रपुरास आमचे वडील एकाएकीं आजारी पडले आणि थोरल्या बंधूंनीं तार केली. तार भामरागडापर्यंत आली. पुढें पाऊलवाटेनें माणसाबरोबर ती आमच्या हातीं पडेपर्यंत दोन दिवस लोटले होते. ह्यांत कोणाचा दोष नव्हता; नाले भरले होते. आम्ही त्याच घटकेस निघालों. भामरागडापाशीं पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती ह्या तीन नद्या एकत्र येतात. उन्हाळ्यांत तो संगम पाहून मन शांत होतें. त्या दिवशीं तेथें नुसतें तांबडें पाणी होतें. पर्लकोटेच्या तीरावर आम्हीं एक दिवस आणि दोन रात्री काढल्या. पलीकडचा तीर दिसत होता. तेथें हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना जवळच आहे हें ठाऊक होतें. एका रुग्ण बाईस बाजेवर घालून आणलेलीं चार माणसेंहि आमच्याप्रमाणेंच पाणी ओसरण्याची वाट पाहत बसलीं होतीं. किती अंतर तें? हांकेचें. आमच्या पूर्वजांच्या भाषेंत एक क्रोशहि भरला नसता.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं पाणी जरा उतरलें. दोघा माडिया तरुणांनीं आधीं त्या बाईस आणि मग आम्हांस डोंगींतून पार केलें. पैसे देऊं केले तर त्यांनीं घेतले नाहींत. पुढें कांहीं वाट पायीं, कांहीं लांकडाच्या ट्रकवर, आलापल्लीपासून एस. टी.नें असे करीत आम्ही चंद्रपुरास पोहोंचलों तेव्हां रात्र झाली होती. दार उघडलें तें थोरल्या बंधूंनीं. त्यांचें मस्तक मुंडन केलेलें पाहिलें, आणि कोणी कांहीं सांगावयाचें उरलें नाहीं.

भामरागड ते चंद्रपूर हें अंतर सरळ रेषेंत दीडशे किलोमीटरांच्या आंत आहे. आम्हांस तें तीन दिवसांचें पडलें. तार पोहोंचण्याचे दोन दिवस धरले तर पांच. वडील आमची वाट पाहत होते, दोनदां त्यांनीं आमचें नांव घेतलें, असें मातोश्रींनीं पुढें सांगितलें.

आतां दुसरा प्रवास. गेल्या वर्षीं तेच थोरले बंधू अंथरुणास खिळले. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त पॅरिस येथें असतात. रात्रीं येथून फोन गेला तो क्षणांत पोहोंचला. पुतण्यानें घराचें दार ओढून घेतल्यापासून आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवीपर्यंतचा हिशेब त्यानेंच मागाहून सांगितला, तो असा: विमानतळापर्यंत दीड तास, तेथें आधींची तीन तास हजेरी, पॅरिस ते मुंबई नऊ तास, मुंबईस तपासण्या व पुढील विमानाची प्रतीक्षा पांच तास, मुंबई ते नागपूर दीड तास, बाहेर पडावयास पाऊण तास, आणि नागपूर ते चंद्रपूर, सुमारें दीडशे किलोमीटरांची सडक, तीन तास. एकूण पावणेचोवीस तास. ह्यांत विमानाचे साडेदहा. म्हणजे निम्म्याहून अधिक काळ विमानाबाहेरच गेला. चंद्रपुराजवळ मोरवा येथें धांवपट्टी आहे; परंतु नियमित प्रवासी विमान तेथें येत नाहीं, म्हणून नागपूर चुकत नाहीं. तथापि सात हजार किलोमीटरांवरून मुलगा एका दिवसांत आला. बंधूंनीं त्यास ओळखलें. पुढें बारा दिवस बापलेक एकमेकांशीं बोलत होते. त्या बारा दिवसांची किंमत कोणत्या मापानें करावी?

हे दोन प्रवास आम्ही शेजारीं शेजारीं ठेवून पाहतों, तेव्हां हळहळ वाटते. पण नुसत्या हळहळीनें बोध होत नाहीं. अंतर कमी कसें होतें, हें पाहिलें पाहिजे. त्याचे मार्ग तीन दिसतात.

पहिला मार्ग वाट सुधारण्याचा. १९२९ मध्यें काझीपेठ-बल्लारशा हा दुवा जोडला गेला आणि दिल्ली-मद्रासची सरळ आगगाडी आमच्या दारावरून जाऊं लागली. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चांद्याचें विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निराळा झाला, तेव्हां सिरोंच्याच्या माणसास सरकारी कामासाठीं चंद्रपुरास यावें लागेनासें झालें. परंतु चौदा हजार चौरस किलोमीटरांहून मोठ्या त्या जिल्ह्यांत गडचिरोली ते सिरोंचा सरळ रेषेंतच दीडशे किलोमीटरांजवळ आहे. जिल्ह्यांत आगगाडी अद्याप वडशापुरतीच असून तेथून गडचिरोलीपर्यंत लोहमार्गाचें काम चाललें आहे. गोदावरीवर सिरोंच्याजवळ पूल झाला आणि पलीकडचें कालेश्वर मिनिटांवर आलें. एक उंच पूल पांखराची वाट माणसास देतो. भामरागडाकडे मात्र मोठ्या पुरांत वाट आजहि तुटते.

दुसरा मार्ग आकाशाचा. गडचिरोलींत निवडणुकीच्या वेळीं दुर्गम केंद्रांवर मतदान-पथकें हेलिकॉप्टरनें नेतात, आणि प्रसंगीं जखमी पोलिसांस व पुरांत अडकलेल्या रुग्णांसहि त्यानेंच आणतात. ताशीं दोनशे किलोमीटरांनीं गेलें तरी भामरागडचें अंतर अर्ध्या तासाचें. सडकेनें त्यास चार-पांच तास, आणि पुरांत त्यास कांहीं मोजमापच नाहीं. पण हेलिकॉप्टर प्रत्येक गांवच्या प्रत्येक बाळंतिणीच्या दारीं उभें राहूं शकत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

म्हणून तिसरा मार्ग आम्हांस सर्वांत थोर वाटतो. तो म्हणजे माणसास औषधाकडे न नेतां औषध माणसाकडे नेणें. २३ डिसेंबर १९७३ रोजीं बाबा आमटे ह्यांनीं हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे अरण्यांतच जाऊन राहिले, तेव्हां सर्वांत जवळचा दवाखाना एका दिवसांत कित्येक मजला अलीकडे आला. रस्ता एक हातभरहि वाढला नव्हता. पुढें १९८६ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेनें गडचिरोलीजवळ ह्याच विचारास शास्त्राची जोड दिली. खेड्यांत पुष्कळ नवजात बालकें दवाखान्याच्या वाटेवर जाण्यापूर्वींच दगावत. तेव्हां गांवांतल्याच स्त्रियांस शिक्षण देऊन 'आरोग्यदूत' केलें. बाळाचें वजन करणें, श्वास मोजणें, ऊब देणें, आणि जंतुदोषाचीं लक्षणें दिसतांच उपचार करणें हें त्या घरींच करूं लागल्या. ३९ गांवांतील ह्या प्रयोगाचा वृत्तान्त १९९९ मध्यें 'लॅन्सेट' ह्या विख्यात वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षीं, तुलनेसाठीं घेतलेल्या गांवांच्या मानानें, नवजात बालकांचे मृत्यु सुमारें ६२ टक्क्यांनीं घटले होते. २०११ मध्यें केंद्र सरकारनें आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धति देशभर स्वीकारली. दवाखाना जेथें होता तेथेंच राहिला, नदीहि तेथेंच राहिली. पण बाळ आणि उपचार ह्यांमधलें अंतर एका अंगणाएवढें झालें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें-नातवंडें आज दूरदेशीं आहेत, आणि वडीलधारी मंडळी गांवोगांवच्या जुन्या वाड्यांत आहेत. त्यांस आमची एक विनंती आहे. घरांतल्या भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारीं एक कागद लावावा. मुलगा जेथें आहे तेथून आपल्या उंबऱ्यापर्यंत खरोखर किती तास लागतात, विमानाचे किती आणि विमानाबाहेरचे किती, हें त्यावर लिहावें. जवळचा दवाखाना दिवसा किती मिनिटांवर व रात्रीं किती मिनिटांवर, गाडी कोणाची, नेणारा कोण, हेंहि लिहावें. मुलगा येईपर्यंतचे ते चोवीस तास निभावून नेणारा शेजारी कोण, त्याचें नांव सर्वांत वर असावें. फोनवर 'फक्त नऊ तासांचा तर प्रवास' असें म्हणणाऱ्या मुलांनींहि तो कागद एकदां वाचावा. लोभ हा मनाच्या वेगानें जातो. पण त्यास देह घेऊन यावें लागतें, आणि देहास तपासण्या, रांगा, नाले आणि रात्री ह्या सगळ्यांतून यावें लागतें.

असो. जेवण आटोपून नातू पुन्हां ओसरीवर आला, तेव्हां आम्हीं त्याच्याकडून वहींत तीन रकाने आंखवून घेतले: सरळ अंतर, वाटेचें अंतर, आणि उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचा वेळ. पहिल्या ओळींत लंडन-पॅरिस, दुसरींत नागपूर-मुंबई, आणि तिसरींत आमच्या सांगण्यावरून चंद्रपूर-भामरागड. श्रावणांतली ती हकीकत त्यानें आजीकडून पूर्वीं ऐकलेली होती. तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानें आपण होऊन चौथा रकाना आंखला आणि त्यावर 'पावसाळ्यांतला वेळ' असें लिहिलें. लंडन-पॅरिसपुढें त्यानें 'तितकाच' असें लिहिलें, नागपूर-मुंबईपुढें 'थोडा जास्त'. भामरागडापुढची जागा त्यानें कोरी ठेवली. शिक्षकांनीं विचारल्यास तो काय सांगणार आहे, हें आम्हीं त्यास विचारलें नाहीं.